पीळ सोडवण्याची हत्यारं
(नभोवाणीवरील भाषण, संपादित)



विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं म्हणतात. अमेरिकेतल्या लोकांनी ते पाठीवर न घेता चाकांवर घेतलं. पलंग, शेगडी, फ्रीज, संडास-बाथरूम सगळं एकाच गाडीत, आणि पुढे ड्रायव्हरची जागा. अशा गाडीला तिकडे मोटरहोम म्हणतात. त्यातल्या एका जुन्या गाडीच्या सस्पेन्शनबद्दल, आणि ते घरच्या घरी दुरुस्त करायचं तर कोणती हत्यारं घ्यावीत याबद्दल आज बोलणार आहे. विषय आडवाटेचा आहे, कबूल. पण गाडीखाली शिरणारा माणूस डेट्रॉइटला असो की दापोडीला, छातीवर येणारं वजन सारखंच असतं.

मी मूळचा पुण्याचा. इथल्या एका टूलरूममध्ये उमेदवारी केली, पुढे नोकरीनिमित्त मिशिगनला गेलो आणि तिथेच निवृत्त झालो. मी राहतो तिथून जवळच पाँटिॲक नावाचं शहर आहे. जनरल मोटर्सच्या जीएमसी विभागाने तिथे १९७३ ते १९७८ या काळात एक मोटरहोम बांधली. सगळ्या मिळून तेरा हजारांच्या आतबाहेर गाड्या निघाल्या आणि कारखान्याने तो उद्योग बंद केला. २३ फूट आणि २६ फूट अशा दोन लांबीच्या. १९८१ सालच्या ‘स्ट्राइप्स’ या विनोदी चित्रपटात लष्कराची गुप्त गाडी म्हणून जी दिसते, ती हीच.

आता हिचं वेगळेपण सांगतो. इतर मोटरहोम म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर ठेवलेली खोली. खाली आपल्या एस.टी.सारखे पाटे. ही तशी नाही. हिचं इंजिन पुढच्या चाकांना ओढतं, मागे दांडा जातच नाही, त्यामुळे जमीन अगदी ठेंगणी. मागे प्रत्येक बाजूला दोन चाकं, एकामागे एक, आणि त्या दोघांच्या मध्ये रबराची एक आडवी हवेची पिशवी. पिशवीतली हवा कमीजास्त केली की गाडीचा मागचा भाग वरखाली होतो. पुढे तर स्प्रिंगच नाही. असते ती पोलादाची एक लांब कांब. एक टोक चाकाच्या खालच्या आर्ममध्ये, दुसरं मागे सांगाड्याच्या आडव्या तुळईत. चाक वर उचललं गेलं की कांब पिळली जाते, आणि तो पीळच गाडीला तोलून धरतो. ओली चादर दोघांनी दोन टोकांना धरून पिळावी, तसं. हिला टॉर्शन बार म्हणतात.

भरलेली गाडी पाच टनांच्या पुढे जाते. म्हणजे एवढं वजन पुढे पोलादाच्या पिळावर आणि मागे कोंडलेल्या हवेवर उभं असतं. दोन्ही गोष्टी डोळ्यांना निवांत दिसतात. पाट्याकडे पाहिलं तर तो वाकलाय हे कळतं तरी; कांब मात्र पिळलेली असो की मोकळी, सारखीच दिसते.

आमच्या ओळखीतल्या एका तरुणाने दोन वर्षांपूर्वी अशी १९७६ सालची गाडी घेतली. मुलगा संगणकातला, हाताला वळण चांगलं. उन्हाळ्यात मिरजेहून त्याचे आईवडील येणार होते, त्यांना घेऊन मॅकिनॅकचा पूल ओलांडून लेक सुपीरिअरपर्यंत जायचा बेत. पण गाडी रात्री सरळ उभी केली की सकाळी उजवीकडे बसलेली असायची, आणि पुढे स्टिअरिंग खडखडायचं. तो हत्यारांची यादी घेऊन माझ्याकडे आला. हजार डॉलर बाजूला काढले होते. यादीत पहिल्या क्रमांकावर २३० नगांची चकचकीत पेटी, मग बॅटरीवरची इम्पॅक्ट गन, मग चाकं असलेली झोपायची फळी. मी यादी वाचत होतो तेवढ्यात त्याची बायको म्हणाली, ‘‘काका, हा खाली असताना गाडी बसली तर काय? त्यासाठी यातलं कुठलं हत्यार आहे?’’

एकही नव्हतं. मी ती यादी तिच्याच हातात दिली आणि म्हटलं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी विकत आणू, उरलेल्या पैशांत याची पेटी.

सस्पेन्शनची हत्यारं निवडताना मी एवढंच विचारतो : हा बोल्ट सोडला तर आत कोंडलेला जोर कुठे जाणार, आणि त्या वेळी त्याला धरून कोण ठेवणार? धरून ठेवणारं आणि हळूहळू सोडणारं हत्यार उत्तम प्रतीचं हवं. काम लवकर उरकणारं हत्यार नंतर.

धरून ठेवण्याचं काम घोडीचं. जॅकचं काम उचलण्याचं. आतलं तेल एका जुन्या सीलच्या भरवशावर थांबलेलं असतं. म्हणून उचललं की लगेच घोडी, हे आपल्याकडचा गॅरेजमधला पोऱ्याही जाणतो, आणि घाईच्या दिवशी विसरतो. घोडी घेताना वरचा आकडा नीट वाचावा. अमेरिकेत तो पुष्कळदा जोडीचा मिळून असतो, एका घोडीचा नव्हे. या गाडीला मी सहा टनी जोडीखाली जात नाही, आणि अशा दोन जोड्या हव्यातच. आणखी एक सांगतो. २०२० साली तिकडच्या एका मोठ्या हत्यारविक्रेत्याने तीन आणि सहा टनी घोड्या परत मागवल्या, सतराएक लाख नग. दात्यांमध्ये खटका पुरता अडकत नव्हता, धक्का बसला की घोडी खाली यायची. बदली म्हणून दिलेल्या काही घोड्यांच्या वेल्डिंगमध्येही खोट निघाली. तेव्हापासून जुन्या बाजारातली घोडी मी तिचा मॉडेल नंबर तपासल्याशिवाय घेत नाही. दाते असलेल्या घोडीपेक्षा आरपार जाड पिन घालायची घोडी मला जास्त पटते. पिन बसली की नाही ते डोळ्यांना दिसतं.

घोडीच्या जोडीला लाकडाचे ठोकळे. भरीव, कडक लाकडाचे, एकावर एक उलटसुलट रचलेले. हे हत्यारांच्या दुकानात मिळत नाहीत, लाकडाच्या वखारीत फुकटातही मिळतात. सिमेंटचा पोकळ ब्लॉक मात्र कधीही नाही. लाकूड कुरकुरतं, दबतं, सूचना देतं. ब्लॉक एकदम फुटतो.

आणि चाकांना पाचर. इथे या गाडीची एक गंमत आहे. इंजिन पुढच्या चाकांना जोडलेलं, त्यामुळे गिअर ‘पार्क’मध्ये टाकला की अडतात ती पुढची चाकं. पुढचं एक चाक उचललं की ती अडवणूक संपली, कारण डिफरन्शिअलमुळे उचललेलं चाक मोकळं फिरतं. मग गाडी थांबते ती फक्त मागच्या ब्रेकवर, आणि पन्नास वर्षांच्या गाडीच्या पार्किंग ब्रेकवर मी तरी विसंबत नाही. चार पाचरी, पाच-दहा डॉलर. त्या मुलाच्या यादीत नव्हत्या.

आता सोडवण्याचं हत्यार. गाडी उचलून पुढचं चाक लोंबतं ठेवलं तरी कांबेतला पीळ पुरता जात नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण ज्याने केली त्याने टॉर्शन बार पाहिला नसेल, पण बोलला अगदी बरोबर. कांबेच्या मागच्या टोकाला एक छोटा आर्म असतो आणि एक बोल्ट त्याला दाबून धरतो. तो बोल्ट नुसत्या पान्याने सोडत गेलं तर शेवटच्या दोन-तीन आट्यांवर सगळा जोर येतो. पन्नास वर्षांचे गंजके आटे! ते तुटले की आर्म जिथे जाईल तिथे तुमचा हात नसावा. यासाठी खास हत्यार आहे : आडव्या तुळईला पकडणारी पोलादी चौकट आणि मधोमध जाड स्क्रू. स्क्रूने आर्म उचलून धरायचा, बोल्ट सैल झाला की काढायचा, मग स्क्रू एकेक वेढा उलटा फिरवत पीळ उतरवायचा. साधा सी-क्लॅम्प किंवा जॅक लावून हे करणारे लोक मी पाहिलेत. क्लॅम्प तिरका झाला की सटकतो.

हे हत्यार वर्षातून एकदाही लागत नाही. म्हणून ते विकत घेऊ नये, असं माझं मत. या गाडीच्या मालकांची मंडळं अजून आहेत, त्यांच्याकडे ते फिरतं असतं. टपालखर्च दिला की येतं. उसनं आणलेलं हत्यार मी आधी टेबलावर ठेवून बघतो. स्क्रूचे आटे चेपलेले आहेत का, चौकटीला तडा आहे का. मग आट्यांना भरपूर ग्रीस. आणि स्क्रूवर इम्पॅक्ट गन नाही, लांब दांडीचा पाना. हाताला जोर कळतो, गनला कळत नाही. कांबेला पक्कडीने धरणं, हातोडा मारणं वर्ज्य. वर उठलेला लहानसा ओरखडाही पुढे तड्याचं मूळ होऊ शकतो. डावी-उजवी कांब अदलाबदल करायची नाही, म्हणून उतरवायच्या आधी रंगाची खूण.

मागच्या पिशवीचा प्रकार निराळा. तिथे मोठं हत्यार लागत नाही, क्रम लागतो. आधी सांगाडा घोडीवर, मग पिशवीतली हवा पूर्ण बाहेर, मग शॉकअपला हात. हवा भरलेली असताना शॉकअप सोडला तर पिशवी चाकांना मनाला येईल तसं ढकलते. आणि नुसत्या हवेवर उभ्या गाडीखाली कोणी शिरायचं नाही, एखादा पाना खाली राहिलाय म्हणूनसुद्धा नाही. जमीन आधीच ठेंगणी. हवा गेली तर अंग चोरायला जागा उरत नाही.

गाडी उजवीकडे का बसते, हे शोधायला त्या मुलाला सगळ्यात स्वस्त हत्यार लागलं. साबणाचं पाणी आणि ब्रश. नळीच्या जोडापाशी बुडबुडे आले नाहीत, पिशवीच्या घडीत आले. रबराला बारीक चिरा होत्या. दोन्ही पिशव्या बदलायच्या ठरल्या, कारण दुसरीचं वयही तेवढंच. त्याआधी सपाट काँक्रीटवर टेप आणि पाणसळ घेऊन चारही कोपऱ्यांची उंची वहीत लिहून घेतली. नाहीतर जोडल्यावर गाडी सरळ आहे की आपली मान तिरकी, हे कळत नाही.

पान्यांबद्दल थोडं. ही गाडी इंचाच्या मापाची. आपला हात १३, १७, १९ला बसलेला. १९चा पाना पाऊण इंचाच्या नटावर चालून जातो, कारण फरक नावापुरताच. पण नऊ-सोळांशाला १४चा जात नाही आणि १५चा फिरतो, नटाचे कोपरे गोल करतो. म्हणून इंचाच्या गोट्या, सहा पैलूंच्या, जाड भिंतीच्या, मोजक्या दहा-बारा. जुन्या बाजारात उत्तम मिळतात. पाना म्हातारा झाला तरी बिघडत नाही. टॉर्क रेंच मात्र नवा घ्यावा किंवा तपासून घ्यावा. बॉल जॉइंट सोडवायला दुबेळकी पाचर स्वस्त पडते, पण ठोकताना रबरी टोपी फाडते. जुना जॉइंट फेकायचाच असेल तर चालेल, ठेवायचा असेल तर स्क्रूचा पुलर.

पुढच्या चाकाची बेअरिंगं प्रेसने बसवलेली असतात. ती काढायची-घालायची हत्यारं घ्यायची का, असं त्याने विचारलं. मी नाही म्हटलं. प्रेस, खास पुलर, मापाच्या कड्या, एवढ्यात एखाद्या जाणत्या कारागिराची मजुरी दोनदा निघते, आणि त्याने ती शंभरदा बसवलेली असतात. मी स्वतः टूलरूममध्ये हाडं झिजवली, तरी हे काम बाहेरच देतो.

हजारातले साधारण चारशे डॉलर घोड्या, बाटलीजॅक आणि पाचरी यांत गेले. २३० नगांची पेटी आलीच नाही. इम्पॅक्ट गन त्याच्या बायकोने नंतर वाढदिवसाला दिली. पिशव्या दोन शनिवार-रविवारात बदलून झाल्या. कांब उतरवली त्या दिवशी मी तुळईपाशी होतो आणि ती वेढे मोजत होती. काम झाल्यावर त्याने तो स्क्रू पुसून, पुन्हा ग्रीस लावून, जुन्या टॉवेलात गुंडाळून मंडळातल्या पुढच्या माणसाला पाठवला.

जूनमध्ये मिरजेची मंडळी आली. तिच्या सासऱ्यांची गावाकडे ट्रॅक्टर दुरुस्तीत हयात गेलेली. गाडीत चढण्याआधी ते वाकून खाली बघत होते. मागच्या बिजागरीच्या पिनेवर ग्रीस दिसलं नाही म्हणून त्यांनी ग्रीस गन मागितली, आणि ती आमच्यापैकी कोणीच घेतली नव्हती. मग शेजाऱ्याकडून आणली.