खोट मोजणाऱ्याचं पदक

पुरस्काराची बातमी आली की आपली नजर जाते ती पुरस्कार मिळवणाऱ्याच्या नावावर. ज्याच्या नावाने तो दिला जातो तो माणूस कोण होता, हे सहसा कुणी विचारत नाही. आज मी अशाच एका नावाबद्दल बोलणार आहे.

अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल इंजिनीअर्स ही १८८० मध्ये स्थापन झालेली यांत्रिकी अभियंत्यांची संस्था. तिने १९९६ मध्ये ‘वॉर्नर टी. कॉइटर पदक’ सुरू केलं. ते ‘सॉलिड मेकॅनिक्स’मधल्या कामगिरीसाठी दिलं जातं. भार आला की घन वस्तू किती दबते, कशी वाकते, कधी तुटते, याचं हे शास्त्र. उमेदवाराने सिद्धान्त आणि प्रत्यक्ष उपयोग यांची सांगड घातलेली असावी आणि देशोदेशींच्या अभ्यासकांना नेतृत्व दिलेलं असावं, अशी अपेक्षा असते.

हा कॉइटर कोण, हे समजण्यासाठी शीतपेयाचा अॅल्युमिनियमचा रिकामा डबा डोळ्यांसमोर आणा. तो कुठेही चेपलेला नसेल, तर बेताच्या वजनाचा माणूस त्यावर अलगद उभा राहू शकतो. पण त्याच वेळी कुणी डब्याच्या अंगाला हलकीशी टिचकी मारली, तर डबा क्षणात चपटा होतो. वजन तेच, डबा तोच. मग त्याची ताकद गेली कुठे?

या प्रश्नाने अभियंत्यांना बराच काळ छळलं. लांब, सडपातळ खांब किती भाराला बाक देईल, याचं गणित ऑइलरने १७४४ मध्ये मांडलं. ते आजही वापरात आहे. पातळ पत्र्याच्या नळकांड्याचं गणित विसाव्या शतकाच्या आरंभी तयार झालं. मात्र १९३० च्या दशकात, विमानं पातळ पत्र्याची होऊ लागल्यावर, प्रयोगशाळांत अशी नळकांडी प्रत्यक्ष दाबून पाहिली, तेव्हा उत्तर जुळेना. कधी गणिताच्या निम्म्या भाराला, तर कधी जेमतेम एक पंचमांश भाराला ती चेपायची. एकसारख्या दिसणाऱ्या दोन नळकांड्यांचे आकडेही वेगळे यायचे.

कॉइटर यांचा जन्म १९१४ चा, नेदरलँड्समधला. त्यांनी या कोड्याचा उलगडा केला. त्यांचं म्हणणं साध्या शब्दांत असं. काठी दाबली तर ती वाकते, पण वाकल्यावरही भार पेलत राहते. म्हणून ती मुळात थोडी वाकडी असली तरी फारसं बिघडत नाही. नळकांड्याचं तसं नाही. ते एकदा चेपू लागलं की त्याची भार पेलण्याची शक्तीच ढासळते. अशा वस्तूत मुळातच बारीकशी खोट असेल, तर ती गणिताने सांगितलेल्या भारापर्यंत पोचतच नाही. कॉइटर यांनी खोट किती असली की ताकद किती घटते, याचं सूत्रच दिलं. विशिष्ट प्रकारच्या लहरीदार खोटीसाठी त्यांच्या हिशेबातून असं निघतं, की पत्र्याच्या जाडीच्या केवळ एक दशांश इतकी खोट असेल, तरी सुमारे चाळीस टक्के ताकद जाते. जाडीच्या निम्मी असेल, तर ताकद एक तृतीयांशाच्या आसपास उरते. डब्याचा पत्रा असतो साधारण मिलिमीटरच्या एक दशांश जाडीचा. म्हणजे ही खोट डोळ्यांना दिसणारही नाही.

हे काम दुसऱ्या महायुद्धातलं, देश जर्मनांच्या ताब्यात असतानाचं. डेल्फ्टच्या विद्यापीठात त्यांचा प्रबंध मान्य झाला तो १९४५ मध्ये, देश मुक्त झाल्यानंतर. तो डच भाषेत होता. बाहेरच्या जगाने तो बराच काळ जवळजवळ वाचलाच नाही. साठच्या दशकात कॉइटर यांचं इंग्रजी लेखन आणि हार्वर्डमधल्या बुडियान्स्की आणि हचिन्सन यांचं काम यांमुळे या विचाराकडे लक्ष गेलं. १९६७ मध्ये ‘नासा’ने प्रबंधाचा इंग्रजी अनुवाद काढला. तोवर बावीस वर्षं उलटली होती. १९६८ मध्ये कॉइटर यांना याच क्षेत्रातलं मानाचं टिमोशेंको पदक मिळालं. १९९७ मध्ये ते वारले.

‘नासा’ला या प्रबंधाची गरज का पडावी? कारण अग्निबाण म्हणजे मुख्यतः इंधनाच्या टाक्या, आणि टाक्या म्हणजे पातळ नळकांडी. १९६५ मध्ये तिथे नियमावली निघाली. गणिताने येणारा भार सुरक्षित गुणकाने कमी करून घ्यायचा, असं तिने सांगितलं. गुणक जितका कडक, तितका पत्रा जाड आणि बाण जड. तो गुणक किती सैल करता येईल, हे तपासण्यासाठी मार्च २०११ मध्ये अमेरिकेतल्या मार्शल केंद्रात साडेसत्तावीस फूट व्यासाचं, वीस फूट उंचीचं नळकांडं मुद्दाम दाबून चेपलं गेलं. त्यासाठी सुमारे साडेचार लाख किलो वजनाइतका भार लागला.

मी अभियांत्रिकीच्या मुलांना शिकवतो. आमच्या पुस्तकातली उदाहरणं ‘खांब पूर्ण सरळ आहे असे समजा’ अशीच सुरू होतात. शिकण्यासाठी ते ठीकच आहे. पण कारखान्यात पूर्ण सरळ असं काही येत नाही, हे मुलांना सांगावं लागतं. खोट नाही असं मानण्यापेक्षा ती किती आहे हे मोजणं, ही कॉइटर यांची खरी शिकवण. दुर्घटना टळतात त्या अशा मोजमापानेच.

पदकाच्या नियमांतला ‘नेतृत्व’ हा शब्दही मला महत्त्वाचा वाटतो. थोड्या लोकांच्या भाषेत लिहिलेला उत्तम विचार आपोआप सगळीकडे पोचत नाही. कुणीतरी तो शोधून वाचावा लागतो, दुसऱ्या भाषेत न्यावा लागतो. मराठीत विचार करणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वेगळं सांगायला नको. दुसऱ्याचं चांगलं काम चार लोकांपर्यंत नेणं, हेही माझ्या मते नेतृत्वच आहे. त्याला पदक मिळो न मिळो.