यादीत नसलेले नाव

अमेरिकेत दूरचित्रवाणीवरील मालिकांना दरसाल ‘एमी’ पारितोषिके देतात. आधी नामांकनांची यादी निघते. २००७ ची यादी मी बोट ठेवून वाचली. ‘द वायर’ कुठेच नाही! मला राग आला, खोटं कशाला बोलू?

ही मालिका बाल्टिमोर शहराची. २००६ साली तिच्या चौथ्या पर्वात चार शाळकरी पोरे होती, आणि पोलिसातली नोकरी सुटल्यावर गणित शिकवायला आलेले एक मास्तर. पाच पर्वांत तिला नामांकने दोनच, तीही लेखनासाठी. पारितोषिक एकही नाही.

गुरुजी, बक्षीस-समारंभात तुमच्याही वर्गातली काही नावे पुकारली जात नाहीत. म्हणून का ती पोरे कमी ठरतात? त्यांची पाठ आपणच थोपटायची.