शिक्षणाचा अभ्यास केवळ शिक्षकांसाठी नाही

(कल्याण येथे पदवीच्या विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत कोणत्याही महाविद्यालयातील विद्यार्थ्याने ‘मला शैक्षणिक धोरणाचा अभ्यास करावयाचा आहे’ असे म्हटले, की समोरून एकच प्रश्न येतो : ‘मग बी.एड. कधी करणार?’ जणू शिक्षण हा विषय शिक्षकांच्या मालकीचा असून ज्याला वर्गात उभे राहावयाचे नाही त्याने त्यात लक्ष घालू नये! ही समजूत नुसती चुकीची नाही; लोकशाहीला ती घातक आहे असे माझे मत आहे.

१९ ऑक्टोबर १८८२ रोजी महात्मा फुले यांनी हंटर आयोगाला निवेदन सादर केले. त्यांनी स्वतः शाळा काढल्या होत्या, चालविल्या होत्या. तरीही त्या निवेदनाखाली त्यांनी आपली ओळख दिली ती व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सभासद अशी. त्यांचा मुद्दाही मुळात अर्थशास्त्राचा होता. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो तो वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर. बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, या त्यांच्या मागणीच्या मुळाशी हा हिशेब होता. पुढे १९६४ साली नेमलेल्या शिक्षण आयोगाचे अध्यक्ष दौलतसिंह कोठारी हेही पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते.

आता अलीकडचे उदाहरण घेऊ. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यान्वये खाजगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशवर्गातील किमान २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतील मुलांना द्यावयाच्या व त्याचा ठरावीक खर्च शासनाने परत करावयाचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी अथवा अनुदानित शाळा असेल, तर खाजगी शाळेला या बंधनातून मोकळीक मिळाली. डोंबिवलीसारख्या दाट वस्तीत याचा अर्थ काय होतो, हे नकाशा आणि कंपास घेऊन कोणीही पाहू शकला असता. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला.

परंतु प्रश्न तेथे संपत नाही. आपली शाळा शेजारी असताना सार्वजनिक पैसा खाजगी संस्थेला का द्यावा, हा युक्तिवाद टाकाऊ नव्हे. मला तो एरवी पटलाही असता. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये परिसर-शाळेची कल्पना मांडली होती, तीत श्रीमंताचे मूल आणि मोलकरणीचे मूल एकाच शाळेत यावयाचे होते. २०२४ च्या नियमाने परिसराचे बंधन घातले ते फक्त गरिबाच्या मुलावर. हा भेद ओळखण्यासाठी बी.एड. लागत नाही, कायदा, अंदाजपत्रक आणि इतिहास एकत्र वाचण्याची सवय लागते. ती पदवीच्या वयातच लागते, असा माझा अनुभव आहे.

तुमचे पालक पोटापाण्याचे विचारतील, आणि त्यांनी विचारलेच पाहिजे. या अभ्यासाने नोकरीची हमी मिळत नाही. मात्र बी.एड. तरी कोठे देते? शिक्षकभरतीची अभियोग्यता चाचणी राज्यात २०१७ नंतर थेट २०२३ मध्ये झाली. मधल्या काळात पदवीधरांची एक पिढी ताटकळत राहिली.

एक पथ्य मात्र पाळा. शिक्षकांना उपदेश करण्याआधी वर्गाच्या शेवटच्या बाकावर काही दिवस बसा. साठ वह्या तपासून झाल्यावर माणसाची काय अवस्था होते, ते कोणत्याही अहवालात सापडावयाचे नाही.

काम हाताशी आहे. ठाणे महापालिका १९८२ ची, कल्याणची १९८३ ची. म्हणजे चार दशकांची अंदाजपत्रके झाली. प्राथमिक शिक्षणाखाली किती तरतूद केली, प्रत्यक्ष किती खर्चली, इमारतींवर किती गेले, पटसंख्या कशी बदलली, एवढे एका शहरापुरते जरी कोणी जुळवले तरी तो पदवीचा उत्तम प्रकल्प होईल. शिवाय त्याच कायद्याच्या कलम २१ प्रमाणे पालिकेच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. त्यांतल्या पुष्कळ जणी सकाळी घरकामाला जातात आणि सभेत ठेवलेल्या कागदावर सही करतात. तो कागद सहीपूर्वी त्यांना वाचून दाखवावयास तुमच्यापैकी दोघे-तिघे निघाले, तर पुढच्या सभेत त्या काय विचारतात ते मला येऊन सांगा.