तळघरातल्या फायली



महापालिकेच्या बातम्या हा वर्तमानपत्रातला रुक्ष प्रांत. नवशिक्या बातमीदाराला तिथे धाडतात आणि तोही मंत्रालयाकडे डोळे लावून दिवस ढकलतो. न्यूयॉर्कच्या वेन बॅरेट यांनी मात्र उभी हयात याच प्रांतात काढली. ‘व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकात ते जवळजवळ ३७ वर्षं लिहीत होते.

१९७८-७९ च्या सुमाराची गोष्ट. ग्रँड सेंट्रल स्टेशनशेजारच्या जुन्या कमोडोर हॉटेलचा एक तरुण बिल्डर कायापालट करत होता. त्यासाठी त्याला तब्बल ४० वर्षांची करसवलत मिळाली होती. एवढी मेहेरबानी कशी, हे शोधत बॅरेट एका सरकारी महामंडळाच्या खोलीत फायली चाळत बसले होते. तेवढ्यात खोलीतला फोन वाजला. पलीकडे तो बिल्डरच, डोनाल्ड ट्रम्प. माझ्यावर लिहिताय असं कानावर आलं, म्हणाले. तोवर दोघांची साधी ओळखदेखही नव्हती! फाइल मागितली की खबर कुठवर पोचते, हे पालिकेत वावरलेल्या कुणालाही सांगायला नको. बॅरेट तेव्हा ब्रुकलिनमधल्या ब्राउन्सव्हिल या गरीब वस्तीत राहत. ट्रम्प यांनी फ्लॅट मिळवून देण्याचं गाजर दाखवलं. बॅरेट बधेनात, तेव्हा गोष्ट कोर्टकचेरीच्या धमकीवर आली.

मला बॅरेट यांचं खरं कौतुक वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. महापौर एड कॉच यांच्या काळात पार्किंगचा दंड वसूल करण्याची कंत्राटं लाच चारून मिळवली जात होती. ते प्रकरण पत्रकार जॅक न्यूफील्ड यांच्यासह बॅरेट यांनी १९८८ च्या ‘सिटी फॉर सेल’ या पुस्तकात उलगडलं. त्यातल्या एका बड्या पुढाऱ्याला तुरुंगात धाडणारे सरकारी वकील होते रूडी जुलियानी. पुढे हेच जुलियानी महापौर झाले. आपल्याकडचा बातमीदार एव्हाना त्यांच्या चहाला सरावला असता. बॅरेट यांनी २००० साली त्यांचं चरित्र लिहिलं आणि त्यात जुने कोर्टाचे कागद पुढे ठेवले: महापौरांच्या वडिलांनी १९३४ मध्ये एका दूधवाल्याला लुटलं होतं आणि सिंग सिंगच्या तुरुंगात शिक्षा भोगली होती.

२०१० सरता सरता साप्ताहिकाने त्यांना नारळ दिला. टॉम रॉबिन्स या सहकाऱ्याने मग स्वतःच राजीनामा दिला.

२०१६ मध्ये ट्रम्प अध्यक्षपदाच्या निवडणुकीत उतरले आणि बॅरेट यांच्या घराच्या तळघराला अचानक भाव आला. खोक्याखोक्यांतून रचलेले ट्रम्प यांचे जुने व्यवहार पाहायला देशभरचे पत्रकार येऊ लागले. फुप्फुसाच्या आजाराने बॅरेट यांना धाप लागायची, तरी खोकी ते सगळ्यांना उघडू देत. १९ जानेवारी २०१७ ला, ट्रम्प यांच्या शपथविधीच्या आदल्या दिवशी, ते गेले. न्यूयॉर्कची ती खोकी आता दूर टेक्सासात, ऑस्टिनच्या विद्यापीठात आहेत.