पाहुण्याची बाटली

ज्या घरीं जेवावयाचें आमंत्रण असेल, त्या घरीं आपला डबा घेऊन जाऊं नये, हा शिष्टाचार बहुतेक सर्व देशांत मानला जातो. यजमानाची आमटी अळणी झाली तरी ती गोड मानून घ्यावी. पिशवींतून आपली लोणच्याची बरणी काढूं नये. पाश्चात्य देशांत मात्र या नियमास एक अपवाद आहे. तो वाइनचा, म्हणजे द्राक्षासवाचा. तेथील कित्येक उपाहारगृहांत अन्न मालकाचें व बाटली गिऱ्हाइकाची, अशीं जेवणें होतात. बाटली उघडणें, पेले मांडणें व वाढणें यांबद्दल मालक एक ठरीव रक्कम घेतो. तिला इंग्रजींत कॉर्केज म्हणतात. मराठींत बूच-आकार म्हणावयास हरकत नाहीं. हाच प्रघात समुद्रावर सहलीस निघणाऱ्या मोठ्या जहाजांवरही आहे. मद्यपान बरें कीं वाईट, हा प्रस्तुत भाषणाचा विषय नव्हे. यजमानाचा हक्क कोठें संपतो आणि पाहुण्याचा कोठें सुरू होतो, एवढाच प्रश्न येथें पाहावयाचा आहे.

समुद्र आणि वाइन यांची ओळख जुनी आहे. अटलांटिक महासागरांतील मदेरा बेटाच्या वाइनचीं पिपें जहाजांतून उष्ण कटिबंध ओलांडून जात. न खपतां परत आलेल्या पिपांतील वाइन उष्णतेनें बिघडण्याऐवजीं अधिक रुचकर झालेली आढळे. म्हणून पुढें व्यापारी पिपांस मुद्दाम समुद्राची फेरी घडवूं लागले. प्रवाशांच्या पेल्याचा इतिहास निराळा आहे. १९ व्या शतकाच्या मध्यास पी. अँड ओ. कंपनीच्या आगबोटींवर पहिल्या वर्गाच्या भाड्यांतच वाइन व इतर मद्यें येत असत. हिंदुस्थानाकडे निघालेल्या साहेबास पेल्यांचा हिशेब ठेवावा लागत नसे. कालांतरानें ही उदार चाल बंद पडली आणि पेय भाड्याबाहेर गेलें. १८९१ सालीं ‘ऑगुस्टा व्हिक्टोरिया’ हें जर्मन जहाज केवळ सहलीसाठीं भूमध्य समुद्रांत गेलें. कोठें तरी पोंचण्यासाठीं नव्हे, तर जहाजावर राहण्यासाठींच प्रवास करावयाचा, ही कल्पना त्या सुमारास रूढ होऊं लागली. आज अशा बहुतेक जहाजांवर खोली व साधें जेवण तिकिटांत येतें, मद्य येत नाहीं. तिकिटाचा दर आटोक्यांत ठेवावयाचा आणि मद्यविक्री, जुगारगृह व किनाऱ्यावरील सहली यांतून उत्पन्न काढावयाचें, असा हा व्यवहार आहे.

अशा स्थितींत प्रवाशानें आपली बाटली आणली, तर कंपनीस ती आवडणार नाहीं, हें उघड आहे. तरीही पुष्कळ कंपन्या मध्यम मार्ग काढतात. सफरीच्या पहिल्या दिवशीं, जहाजावर चढतांना, प्रत्येक प्रौढ प्रवाशास साधारणतः ७५० मिलिलिटरची एक बाटली आणतां येते. अमेरिकेंतून निघणाऱ्या सफरींवर प्रौढ म्हणजे २१ वर्षांचा, युरोपांत बहुधा १८ वर्षांचा. ही बाटली वाइनची वा शँपेनची असावी. व्हिस्की, रम इत्यादि कडक मद्यांस मज्जाव असतो. बाटली सामानांत न ठेवतां हातांतील पिशवींत ठेवावी, असाही अनेक कंपन्यांचा नियम आहे. आपल्या खोलींत ती प्यावयाची असल्यास कित्येक ठिकाणीं कांहीं द्यावें लागत नाहीं. भोजनगृहांत आणल्यास बूच-आकार पडतो. तो बहुधा १५ ते ३० डॉलरांच्या दरम्यान असतो. वाटेंतील बंदरांत विकत घेतलेल्या बाटल्या पुष्कळदां जहाजावर ठेवून घेतात व सफरीच्या शेवटीं परत देतात. कांहीं कंपन्या तर बाहेरची बाटली मुळींच चढूं देत नाहींत. म्हणून तिकीट घेण्यापूर्वींच नियम वाचून पाहावे, हें उत्तम.

हे नियम वाचून कांहीं प्रवाशांच्या अंगांत चोरीची हौस संचरते. गुळण्या करण्याच्या औषधाच्या बाटलींत रंगवलेलें मद्य भरणें, अंघोळीच्या साबणाच्या डबींत रम लपवणें, असे उद्योग सुशिक्षित माणसेंही करतात आणि वर त्याची फुशारकी मारतात. सामान क्ष-किरणांखालून जातें, आणि पुष्कळदां ही हुशारी बंदरावरच उघडी पडते. परंतु पकडले न गेले तरी काय साधलें? बारवरील नोकर पुरेसें झालेल्या माणसास पुढचा पेला नाकारूं शकतो. खोलींत लपवलेल्या बाटलीस कोणी नाकारूं शकत नाहीं. चोहोंकडे खोल समुद्र असतां कठड्याशीं झोकांड्या देणारा माणूस हा कप्तानाच्या जबाबदारीचा विषय होतो. तेव्हां नियमामागें केवळ लोभ आहे असें म्हणतां येत नाहीं, जरी लोभ आहे हें खरें.

मग बाटली न्यावी कोणीं? पैसे वाचवण्यासाठीं नेऊं नये. स्वस्त बाटलीवर बूच-आकार भरल्यास ती जहाजावरील साध्या बाटलीइतकी महाग पडते आणि चव पदरांत पडत नाहीं ती नाहींच. जी वाइन जहाजाच्या यादींत कोणत्याही किंमतीस मिळणार नाहीं, तीच न्यावी.

उदाहरणादाखल एका इंग्रज वृद्धेची कल्पना करावी. तिचें लग्न १९९० सालीं झालें. त्या वर्षीं फ्रान्सच्या बोर्दो प्रांतांत द्राक्षांचा हंगाम फार उत्तम गेला होता. नवऱ्यानें त्या सालची एक बाटली घेऊन घरांतल्या थंड अंधाऱ्या कोपऱ्यांत आडवी ठेवली. पुढें कधीं समुद्रसफर करूं तेव्हां फोडूं, असें दोघांचें ठरलें. सफर लांबत गेली आणि नवरा गेला. आतां ती एकटी साऊदॅम्प्टनच्या धक्क्यावर उभी आहे, आणि पिशवींत ती बाटली आहे. अशा बाटलीस कोणता बाजारभाव लावावा?

जुन्या तांबड्या वाइनच्या तळाशीं गाळ बसतो आणि प्रवासाच्या हिसक्यांनीं तो ढवळतो. म्हणून तिनें बाटली दोन दिवस उभी ठेवावी, उन्हाच्या खिडकीपासून दूर. ज्या दिवशीं फोडावयाची त्या दिवशीं दुपारींच ती भोजनगृहांतील वाइन-वाढप्याच्या हवालीं करावी. तो बूच हलक्या हातानें काढील. जुनें बूच ठिसूळ असतें व चुरा होऊन आंत पडतें. मग उजेडासमोर धरून, गाळ मागें राहील अशा बेतानें, तो वाइन दुसऱ्या पात्रांत ओतील. बूच-आकार घेतला जातो तो या कसबासाठीं, स्वच्छ पेल्यांसाठीं आणि जागेसाठीं. तो हंसतमुखानें द्यावा.

एक गोष्ट मात्र आकार भरून विकत मिळत नाहीं. अशा जहाजांवर पुष्कळदां अनोळखी माणसें एका मेजावर बसतात. आपल्याकडे पंक्तिप्रपंच हा मोठा दोष मानला आहे. एकाच पंक्तींत एकास तूप व दुसऱ्यास कोरडा भात वाढूं नये. मेजावर आपली बाटली आली कीं हाच प्रसंग उभा राहतो. ७५० मिलिलिटरचे १२५ मिलिलिटरप्रमाणें बरोबर सहा पेले होतात. मेज सहा जणांचें असेल, तर हिशेब आपोआपच सुटला. ज्यास वाटून घेववत नसेल, त्यानें आपल्या खोलींत प्यावी. तेथें त्यास कोणी बोल लावणार नाहीं.

त्या वृद्धेनें सहा पेले भरावयास सांगितले, तर पांच अनोळखी माणसें तिच्या नवऱ्याचें नांव विचारतील, आणि सारीं वर्षें नसली तरी निदान ती एक संध्याकाळ तो माणूस त्यांच्यांत वावरेल. ज्या घरीं जेवावयास जावयाचें तेथें आपलें अन्न नेऊं नये, हा नियम खराच आहे. पण जें न्यावयाचें तें सर्वांस वाटण्यासाठीं नेलें, तर पाहुणा त्या मेजापुरता यजमान होतो, आणि मग नियम मोडला असें कोणी म्हणत नाहीं.