कोण कोणाबरोबर सही करतो? : लोकप्रतिनिधींच्या सहकार्याचा नकाशा

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर आजवर संतसाहित्यावर बोलणारे आले, होळकरशाहीच्या इतिहासावर बोलणारे आले, मधुमेहावर बोलणारे डॉक्टरही आले. यंदा कार्यकारिणीने आम्हाला सांगितले, ‘काही तरी वेगळे बोला.’ आम्ही पडलो राज्य शासनाचे नोकर. पदविका घेऊन बांधकाम खात्यात लागलो, त्याला आता वीस-बावीस वर्षे झाली. राजकारणावर बोलण्याची आम्हाला मुभा नाही आणि हौसही नाही. पण राजकारण करणारी माणसे एकमेकांशी कशी जोडलेली असतात, हे कागद, पेन्सिल आणि थोड्या गणिताने शोधता येते. त्यात अमका पक्ष चांगला, तमका वाईट, असा प्रश्नच येत नाही. म्हणून हा विषय निवडला.

या विषयाची गोडी आम्हाला कचेरीतच लागली. विधानसभेचे अधिवेशन लागले की आमच्याकडे रजा बंद होतात. प्रश्न येतात, आणि त्यांची उत्तरे आम्ही खालच्या पायरीवरची माणसे रात्री बसून तयार करतो. तिथे एक गोष्ट दर वेळी दिसते. एखाद्या पुलाबद्दल एकाच आमदाराने विचारले, तर ठरावीक साच्याचे उत्तर जाते. त्याच पुलाबद्दल दोन पक्षांच्या दोन आमदारांनी विचारले, की वरपर्यंत सगळे जागे होतात. आम्ही एकमेकांना विचारायचो, हे दोघे नेमके कुठे भेटले असतील? हाच प्रश्न जगातल्या पुष्कळ अभ्यासकांनी शास्त्रशुद्ध रीतीने विचारला आहे.

या शास्त्राचे मूळ एका पुलांच्या कोड्यात आहे, हे ऐकून आम्हा बांधकामवाल्यांना बरे वाटले. क्योनिग्सबर्ग नावाच्या शहरात नदीवर सात पूल होते. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळे शहर फिरता येईल का, असे लोक विचारत. १७३६ साली ऑयलर या गणितज्ञाने ते शक्य नसल्याचे सिद्ध केले. त्याने नदीची रुंदी, रस्त्याची लांबी, सारे बाजूला ठेवले. जमिनीचा प्रत्येक तुकडा म्हणजे एक बिंदू आणि प्रत्येक पूल म्हणजे एक रेघ, एवढेच धरले. पुढे जमिनीच्या जागी माणूस आला आणि पुलाच्या जागी नाते. १९३२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन येथील मुलींच्या शाळेतून दोन आठवड्यांत चौदा मुली पळून गेल्या. जेकब मोरेनो यांनी कोणत्या मुलीला कोणाची सोबत आवडते, हे विचारून नकाशे काढले. पळून जाण्याची कल्पना मैत्रीच्या साखळीतून एकीकडून दुसरीकडे पोचली होती, असे त्यांनी दाखवले.

आता हेच सभागृहाला लावू. प्रत्येक सदस्य एक बिंदू. दोघांनी मिळून काही काम केले, की त्यांच्यामध्ये एक रेघ. ऐकायला सोपे आहे, पण आकडा पाहा. अष्टविनायकांची आठ ठिकाणे घेतली, तरी त्यांच्या जोड्या २८ होतात. अमेरिकेच्या सिनेटमध्ये १०० सदस्य, म्हणजे जोड्या ४,९५०. आमच्या मध्य प्रदेश विधानसभेत २३० सदस्य, म्हणजे २६,३३५. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात ४३५, म्हणजे जोड्या ९४,३९५. एवढ्या जोड्या डोक्यात मावत नाहीत, त्यासाठी संगणकच लागतो.

नकाशा तयार झाला की त्याला तीन प्रश्न विचारायचे. कोणाला सगळ्यांत जास्त रेघा येऊन मिळतात? कोणाकोणाचे घट्ट कंपू बनले आहेत? आणि तिसरा, आमच्या मते सर्वांत मोलाचा : दोन कंपूंच्या मध्ये उभा राहून दोघांनाही हात देणारा कोण? हा तिसरा माणूस पुष्कळदा पुढारी नसतो आणि त्याचे नाव वर्तमानपत्रात येत नाही. पण त्याला काढून टाकले, तर नकाशाचे दोन तुकडे होतात.

आता रेघ ओढायची कशावरून? जुने उदाहरण मोठे गमतीचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वॉशिंग्टन हे अर्धवट बांधलेले गाव होते. काँग्रेसचे सदस्य बायकामुलांना घरी ठेवून खानावळीवजा बोर्डिंगांत राहत. जेम्स यंग यांनी १९६६ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात दाखवले, की एका बोर्डिंगात एका टेबलावर जेवणारे सदस्य सभागृहात बहुधा एकसारखे मत देत. शिकायला किंवा नोकरीसाठी मेसमध्ये राहिलेल्या आपल्यापैकी कोणालाही याचे नवल वाटू नये.

पण पुढच्या अभ्यासकांनी रास्त शंका काढली : एकत्र जेवल्यामुळे मते जुळली, की एकाच प्रांताची माणसे म्हणून आधीपासून मते जुळत होती आणि त्यामुळेच एका बोर्डिंगात उतरली? ही शंका या शास्त्रात कायमची आहे. सेठ मॅस्केट यांनी २००८ मध्ये यावर चांगली वाट काढली. कॅलिफोर्नियाच्या विधानसभेत पूर्वी दोघादोघांची बाके जोडलेली असत. त्यांनी शेजाऱ्यांची मते तपासली, तेव्हा बाकाला बाक लागलेल्या सदस्यांची मते इतरांपेक्षा जास्त जुळत असल्याचे आढळले. शाळेतले मास्तर दंगेखोर मुलांची जागा का बदलत, ते इथे कळते.

सर्वांत मोठे काम झाले ते सह्यांवर. अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये एखाद्या सदस्याने विधेयक मांडले, की बाकीचे सदस्य सहप्रस्तावक म्हणून त्यावर आपले नाव घालू शकतात. प्रतिनिधिगृहात ही सोय १९६७ पासून मिळाली. सुरुवातीला २५ नावांची मर्यादा होती, पुढे तीही उठली. नाव घालण्याची सक्ती कोणावर नसते, म्हणून ही सही खूप काही सांगून जाते. जेम्स फाउलर यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९७३ ते २००४ या काळातले सुमारे २,८०,००० प्रस्ताव घेतले आणि प्रत्येक सही करणाऱ्यापासून मूळ मांडणाऱ्यापर्यंत एक बाण काढला.

त्यात त्यांनी एक व्यवहारी युक्ती केली. ज्या विधेयकावर दीडशे सह्या आहेत, तिथली सही म्हणजे लग्नाच्या पंगतीतली हजेरी, कोणीही येतो. ज्यावर दोनच सह्या आहेत, तिथली सही म्हणजे साखरपुड्याला बोलावलेला घरचा माणूस. म्हणून थोड्या सह्या असलेल्या विधेयकातल्या बाणाला त्यांनी जास्त वजन दिले आणि कोण किती जोडलेला आहे, याचे एक माप काढले. निष्कर्ष असा, की जास्त जोडलेल्या सदस्यांच्या दुरुस्त्या सभागृहात जास्त मंजूर होतात. पक्ष आणि विचारसरणी यांचा प्रभाव वगळून पाहिला, तरी कोण कसे मत देईल याचा काही अंदाज या मापावरून येतो.

आणखी एक निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडले होते, की नवी बातमी, नवी नोकरी बहुधा जिवलग मित्राकडून येत नाही. ती तोंडओळखीच्या माणसाकडून येते. कारण जिवलग मित्राला तेच ठाऊक असते, जे आपल्याला ठाऊक आहे. जस्टिन कर्कलंड यांनी २०११ मध्ये हाच विचार विधिमंडळांना लावला. विधेयक पार पडायला आपल्या कंपूतल्या घट्ट दोस्तीपेक्षा दुसऱ्या कंपूशी असलेली सैल ओळख जास्त उपयोगी पडते, असे त्यांना दिसले. दोस्त तर मत देणारच असतो. नवे मत पलीकडून आणावे लागते.

ही पलीकडची ओळख आटत गेली तर काय होते? क्लिओ अँड्रिस आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचे १९४९ ते २०१२ पर्यंतचे नकाशे एकापुढे एक मांडले. कोणते दोन सदस्य किती वेळा एकसारखे मत देतात, यावरून रेघा काढल्या. जुन्या नकाशांत दोन पक्षांचे लाल आणि निळे ठिपके एकमेकांत मिसळलेले आहेत, भेळेसारखे. पुढे पुढे दोन गोळे वेगळे होत जातात आणि शेवटी मध्ये मोजकेच धागे उरतात. ते धागे म्हणजे पलीकडच्यांशी सहकार्य करणारे थोडे सदस्य. असे चित्र एकदा पाहिले की विसरत नाही.

कोणी म्हणेल, हे आपल्याकडे करा की! इथे अडचण आहे. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी कायदा आला. पक्षाचा व्हिप निघाल्यावर सदस्याने विरुद्ध मत दिले, तर सदस्यत्व जाऊ शकते. शिवाय पुष्कळ विधेयके आवाजी मतदानाने संमत होतात, म्हणजे कोणी काय मत दिले याची नोंदच राहत नाही. मतांवरून नकाशा काढला, तर पक्षांची यादीच पुन्हा हाती येईल.

मग पाहायचे कुठे? एक जागा प्रश्नांची. महाराष्ट्र विधानसभेच्या तारांकित प्रश्नांच्या याद्या काढल्या, तर एकेका प्रश्नाखाली अनेक सदस्यांची नावे ओळीने दिसतात. दुसरी जागा समित्यांची. संसदेत १९९३ पासून खात्यांशी जोडलेल्या स्थायी समित्या आहेत. आधी १७ होत्या, २००४ पासून २४ झाल्या. प्रत्येक समितीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य. तिथे व्हिप चालत नाही, बैठक बंद दाराआड होते, आणि वेगवेगळ्या पक्षांची माणसे एका टेबलाशी बसून अहवाल लिहितात. आमच्या अल्पबुद्धीला वाटते, आपल्या लोकशाहीतले खरे बोर्डिंग हेच आहे.

अर्थात, रेघ म्हणजे सगळे सत्य नव्हे. सारखे प्रश्न कार्यालयही एकत्र करते. एका यादीत नाव आले म्हणून स्नेह असतोच असे नाही. चहाच्या टपरीवरची बोलणी कोणत्याच कागदावर येत नाहीत. आणि चांगल्या कामाचा बाण नि वाईट कामाचा बाण नकाशात सारखाच दिसतो. अन्वयार्थ माणसानेच लावायचा.

आता थोडे घरचे. नेत्यांचा नकाशा काढता येतो, तर आपल्या मंडळाचा का नाही, असे आम्हा तिघा मित्रांच्या मनात आले. गेल्या काही वर्षांच्या स्मरणिका काढल्या. नाट्य, भजन, प्रसाद, वर्गणी, सजावट, क्रीडा, सगळ्या समित्यांच्या याद्या घेतल्या. जी दोन नावे एका समितीत, त्यांच्यात एक रेघ. नकाशा पूर्ण झाला तेव्हा आम्ही बराच वेळ गप्प बसलो. एकीकडे राजवाडा-रामबागेकडची, पिढ्यान्‌पिढ्या इथे असलेली घराणी. दुसरीकडे नोकरीनिमित्त येऊन नव्या वसाहतींत स्थिरावलेली कुटुंबे. दोन्हीकडे रेघांची दाटी, आणि मध्ये जेमतेम तीन-चार माणसे. त्यातल्या एक म्हणजे प्रसाद समितीच्या काकू. कधी मंचावर न आलेल्या, पण दोन्हीकडच्या घरांत कोणाला उपास कधी, कोणाकडे सुतक, सगळे ज्यांना पाठ, त्या. काकू आता मुलाकडे पुण्याला राहायला चालल्या आहेत.

कोणाचे कोणाशी भांडण नाही, ही देवाची कृपा. पण भांडण नसतानाही माणसे वेगळी होऊ शकतात; ते दोन गोळे असेच हळूहळू दूर गेले होते. आपल्या मुलांना घराबाहेर मराठी ऐकू येण्याची जागा या शहरात आता मोजकीच उरली आहे, आणि तिच्यातली मोठी जागा हे मंडळ आहे. त्याचे दोन तुकडे आपल्याला परवडणारे नाहीत.

म्हणून कार्यकारिणीपुढे आमच्या दोन सूचना आहेत. पुढल्या वर्षी प्रत्येक समितीत निदान दोन नावे पलीकडच्या बाजूची घालावीत. नाट्य समितीत एक भजनातला माणूस, वर्गणीच्या फेरीवर एक जुना आणि एक नवा, अशी जोडी. दुसरी सूचना : काकू जाण्याआधी दोन तरुण मुलींनी त्यांच्याबरोबर बसून घरोघरची माहिती लिहून घ्यावी, आणि एकदा त्यांच्याबरोबर प्रत्येक घरी जाऊन यावे. वही कपाटात राहते, ओळख मात्र दारात जाऊनच होते.

गणपती म्हणजे गणांचा अधिपती. गण अनेक असणारच. त्यांना एकत्र बांधणारा कोणी तरी असावा लागतो. आपल्यातल्या प्रत्येकाने पलीकडच्या एका घरी यंदा आरतीला जावे, एवढी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.

गणपती बाप्पा मोरया!