रस्त्याची नोंदवही आणि गटाराचे पाणी

रस्ता ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे म्हणताना 'मालमत्ता' या शब्दाचा हिशेबातला अर्थ बहुधा विसरला जातो. जिची किंमत मांडता येते, जी वापराने झिजते आणि जिच्या झिजेची तरतूद दरवर्षी करावी लागते ती मालमत्ता. निविदा, ठेकेदार आणि पावसाळ्यातील खड्डे हा भाग नागपूरकर श्रोत्यांना ठाऊकच आहे. येथील प्रतिपादन असे की, कडेचे गटार हा रस्त्याचाच अवयव असून त्याची नोंद डांबराच्या नोंदीआधी व्हावयास हवी.

याच नागपूर शहरात देशातील रस्त्यांची प्रतवारी ठरली, म्हणून थोडे मागे जाणे आवश्यक आहे. बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली नेमलेल्या समितीच्या शिफारशींतून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था उभी राहिली. पुढे डिसेंबर १९४३ मध्ये मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग अशी विभागणी करणारी वीस वर्षांची 'नागपूर योजना' त्यांनी आखली. लांबीचे उद्दिष्ट मुदतीआधीच ओलांडले गेले. तथापि यश किलोमीटरमध्ये मोजण्याची सवय तेव्हापासून जडली ती सुटलेली नाही, आणि बांधलेला रस्ता आज कोणत्या अवस्थेत आहे हा प्रश्न मागेच राहिला.

अवस्था बिघडवते ते पाणी. ते खडी आणि डांबर यांची पकड सोडवते, खालचा थर भिजवून त्याची भार पेलण्याची शक्ती घटवते. विदर्भातील काळी माती तर भिजून फुगते आणि वाळून भेगाळते. रस्ता मध्यभागी किंचित उंच ठेवतात तो पाणी कडेला उतरावे म्हणून, परंतु कडेचे गटारच बुजलेले असेल तर तो उतार निरुपयोगी ठरतो. जुना थर न खरवडता त्यावर डांबराचा वा सिमेंटचा नवा थर चढवला की रस्ता अंगणाहून उंच होतो आणि पाणी उंबरठ्याकडे वळते. हा अनुभव येथील वस्त्यांना परिचित आहे. हा सिमेंट रस्त्यांना विरोध नव्हे. आक्षेप पातळी न पाहता केलेल्या कामाला आहे.

खर्चाचे गणित एका वाक्यात असे: झीज आरंभी संथ आणि नंतर झपाट्याने होते, म्हणून बारीक भेगा वेळीच बुजवण्याचा खर्च पाया उखडून रस्ता नव्याने बांधण्याच्या खर्चाहून कितीतरी कमी असतो. ही झीज वेळीच लक्षात यावी यासाठी प्रभागनिहाय नोंदवहीत प्रत्येक गल्लीची पातळी, गटाराचा उतार, ते कोठे मिळते आणि शेवटी केव्हा उपसले, हे रकाने हवेत. आणि ते मृगाच्या आधी एकदा व दसऱ्यानंतर एकदा, गल्लीत प्रत्यक्ष उभे राहून भरले जावेत.